साहेबांच्या केबिनमधला नळ

"शुद्ध पाणी कसं असावं, हे आता जगानं आपल्या शहराकडून शिकावं," असे पाणीपुरवठ्याच्या मुख्य अभियंता साहेबांनी सभागृहात जाहीर केले आणि घसा ओला करायला घरच्या उकळलेल्या पाण्याचा थर्मास उघडला.

जगाला शिकवणारी तीन नंबरची गाळणी टाकी सभागृहाच्या मागेच होती. तिच्यातली वाळू अकरा वर्षांत बदललेली नव्हती. वाळूचे चिखलगोळे झाले होते. धुण्यासाठी खालून पाणी सोडले, की टाकी म्हातारा चूळ भरतो तसा आवाज करायची.

प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंनी नव्या वाळूसाठी नऊ मागणीपत्रे पाठवली होती. "अहवाल उत्तम असताना वाळू कशाला?" असा शेरा मारून साहेबांनी नऊही परत केली. अहवाल उत्तमच येत. नमुना साहेबांच्या केबिनमधल्या नळाचा घ्यायचा, असा खात्याचा जुना रिवाज होता. इकडे बाईंच्या सासूबाई आठवडाभर पोट धरून अंथरुणात पडल्या, तेव्हा बाईंनी एकदा केबिनमधल्या बेसिनखाली वाकून पाहिले. नळाला घरगुती फिल्टर जोडलेला होता.

बाईंनी तो काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला आणि नमुना थेट टाकीचा घेतला. साखर घातली असती तर पाहुण्यांना सरबत म्हणून चालला असता. अहवालात त्यांनी लिहिले, 'पिण्यास अयोग्य'.

साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. रिवाज कुणाला विचारून मोडला, हे त्यांनी विचारले. तक्रारखिडकीवर एक माणूस कमीच आहे, याचीही आठवण करून दिली.

"इतकी वर्षं हेच पाणी पितायत लोक. कुणी मेलं का?"

"मेलेले तक्रार करायला येत नाहीत, साहेब."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. घरून होता. काल गॅस संपला म्हणून सगळ्यांनी नळाचे पाणी न उकळता प्यायले होते, आणि आता अख्खे घर संडासाच्या दारात रांग लावून उभे होते. साहेब बराच वेळ नुसते हं हं करत राहिले.

फोन ठेवल्यावर बाईंनी दहावे मागणीपत्र पुढे सरकवले. साहेबांनी सही केली. शेरा मारला नाही. दारापर्यंत गेले, थबकले, टेबलाकडे वळून पाहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "वाळू येईपर्यंत तेवढा फिल्टर घरी नेऊ का?"