लहान मापाची झडप

हृदयात नवी झडप बसवून वर्ष झालं तरी ताई जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम खायला थांबतेच, हे धाकटीच्या डोक्यात बसलं होतं. दोघी बहिणी सत्तरीला टेकलेल्या, दोघींचे नवरे गेलेले. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. ताईच्या हृदयाची झडप आखडली तेव्हापासून भाजी, दूध, औषधं, सगळं धाकटीच्या गळ्यात पडलेलं. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवली, तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले बाई एकदाची. आता मुलाकडे जाऊन चार दिवस नुसतं लोळायचं.

ते राहूनच गेलं. नाटकं करते की काय ही, असंही मनात येऊन गेलं आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

तपासणीला गेल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना तोंडावरच विचारलं, "ऑपरेशन फसलं का?"

"छे. झडप नीट उघडते, गळत नाही. पण यांच्या हृदयाचं दारच अरुंद. मोठी घातली असती तर तिथे फाटायची भीती होती, म्हणून लहान बसवली. तिच्यातून रक्त ढकलायला हृदयाला जरा जास्त जोर लागतो. थोडा दम लागणार."

"म्हणजे हे असंच?"

"बहुतेक. दर वर्षी बघत राहू. पण चक्कर येऊन पडणं थांबलंय ना?"

थांबलं होतं. धाकटी ते विसरूनच गेली होती.

ताई म्हणाली, "जन्मभर पोरीबाळींच्या मापाचे कपडे घातले मी. आत तरी मोठं कुठून निघणार?"

परतताना ताई वळणावर थांबली. धाकटीने पिशवी टेकवली आणि पायरीवर फतकल मारली. उठावंसंच वाटेना.

"अगं, दम मला लागलाय," ताई म्हणाली.

"मी थकले, ताई. खरंच थकले."

ताई तिच्या शेजारी टेकली. "मग जा की मुलाकडे. मला वाटलं, सुनेशी पटत नाही म्हणून जात नाहीस."

"आणि तू पडलीस तर?"

"वर्षभरात पडले का? थांबत थांबत चढेन. मला कुठे गाडी पकडायचीय?"

धाकटी गेली. मुलाकडे पहिले काही दिवस ती नुसती झोपूनच होती. मग एका दुपारी ताईचा फोन आला.

"भाजी आणली मी. मधे बसले, पण आणली. तू इतक्यात येऊ नकोस."

"बरं," धाकटी म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.