अडीच तारे

रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे बसणाऱ्या फार्मासिस्टना सगळे 'गोळीवाले काका' म्हणत. काका हाडाचे वाचक. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा आणि ॲपवरच्या गोष्टी वाचत जेवायचं, हा त्यांचा नेम. गोष्ट संपली की पाचपैकी तारे द्यायचे. खरं तर संपायचीही वाट ते पाहत नसत. दोन परिच्छेदांत मन रमलं नाही, की अंगठ्याने दोन तारे ठोकायचे आणि पुढे सरकायचं. एका सुट्टीत चार-चार गोष्टींचा निकाल लागे. यात आपण कुणाचं काही बिघडवतोय, असं त्यांच्या मनातही येत नसे. तुमच्या-माझ्या तरी कुठे येतं?

त्या दिवशी बायकांच्या वॉर्डातली सिस्टर औषधांची यादी घेऊन खिडकीशी आली. एरवी अखंड बडबडणारी पोरगी आज गप्प होती.

"काय गं, ड्यूटी जड गेली का?"

"नाही काका. आज घरी गेले की माझ्या सगळ्या गोष्टी ॲपवरून काढून टाकणार आहे. सतरा आहेत."

"तू गोष्टी लिहितेस? पत्ता लागू दिला नाहीस!"

"टोपणनावाने लिहिते. शेवटची लिहायला तीन महिने लागले. 'सात नंबरची खाट'. चाळीस जणांनी तारे दिले, सरासरी अडीच. शब्द मात्र एकाचाही नाही! कुठे कंटाळा आला, काय खटकलं, काहीतरी सांगा ना. नुसत्या अडीच ताऱ्यांवरून मी दुरुस्त काय करू?"

नाव ऐकताच काकांचा हात थबकला. गेल्याच आठवड्यात त्यांनी ती गोष्ट उघडली होती. सुरुवातीला इमारतीचं लांबलचक वर्णन होतं. तेवढंच वाचून त्यांनी दोन तारे दिले होते. आता मान वर करायचा त्यांना धीर होईना. त्यांनी औषधं दिली, यादीवर सही घेतली.

चहाच्या वेळी ते शेजारच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या ताई निवृत्तीला आलेल्या, तीस वर्षं रक्त तपासण्यात गेलेली. काकांनी घडलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी जरा चिडूनच म्हणाले, "पण ताई, वाचकाने काय निबंध लिहीत बसायचं? आवडलं नाही तर नाही आवडलं. तारे देणं हा माझा हक्क आहे!"

"आहेच की," ताई म्हणाल्या. "मला एक सांगा, उद्या मी कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टवर नुसते दोन तारे काढून पाठवले तर?"

"डॉक्टर फाडून फेकतील तो कागद."

"का बरं? मी खोटं तर काही सांगितलं नाही. रक्त खरंच ठीक नाहीये."

"अहो, पण काय ठीक नाही ते कळायला नको? साखर वाढलीय, की हिमोग्लोबिन..." बोलता बोलता काका थांबले.

ताई हसल्या. "तिलाही तेच कळायला हवंय हो. आणि काय आहे, दोन ओळी लिहायच्या म्हटलं की गोष्ट शेवटपर्यंत वाचावी लागते. तुम्ही वाचली होती?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मग तारे तुम्ही तिच्या गोष्टीला दिलेच नाहीत. स्वतःच्या कंटाळ्याला दिलेत!"

हे मात्र काकांच्या जिव्हारी लागलं. चार वाजता काम संपल्यावर ते घरी न जाता आवारातल्या बाकावर बसले आणि गोष्ट पुन्हा उघडली. इमारतीचं वर्णन ओलांडलं आणि सात नंबरच्या खाटेवरची म्हातारी भेटली. तिचा ट्रक चालवणारा मुलगा भेटायला येतो. काय बोलावं ते त्याला सुचत नाही. म्हणून तो कंगवा घेतो आणि आपल्या राकट हातांनी आईचे केस विंचरायला लागतो. "हळू रे!" ती म्हणते.

काकांना पुढचं दिसेना. त्यांची आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती. गोळ्या त्यांनी वेळेवर दिल्या होत्या. पण तिच्याजवळ बसून असं काही केलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी लिहायला घेतलं. 'छान आहे' लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. अर्धा तास गेला तेव्हा कुठे हे उतरलं:

"सुरुवातीचं इमारतीचं वर्णन वाचून मी गोष्ट सोडली होती. ते कमी करा, म्हातारीला आधी आणा. केस विंचरतानाचा प्रसंग वाचून मला माझी आई आठवली. शेवटी मुलाला काय वाटलं ते तुम्ही समजावून सांगता, ते नको. आम्हाला ते कळलेलं असतं. न वाचता दोन तारे देणारा मीच. चुकलो. – गोळीवाला."

सहा वाजता ड्यूटी संपवून सिस्टर पायऱ्या उतरली, ती फोन हातात धरून थेट बाकाकडेच धावत आली.

"काका! तो शेवट माझ्याही मनाला पटत नव्हता हो! पण कुणी बोलल्याशिवाय खात्री कशी व्हायची?"

"आणि त्या दोन ताऱ्यांचं काय?"

"त्याचा राग आहेच!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

गोष्टी काढायचा विषय तिथेच मिटला. आठ दिवसांत तिने ती गोष्ट नव्याने लिहिली. काकांचं पाहून इतरही लिहिते झाले. एका बाईंनी ठणकावलं, "पहिलाच शेवट बरा होता!" एका ट्रकचालकाने कळवलं, "तुमच्या गोष्टीतल्या मुलासारखी आम्हाला सलग आठवडाभर रजा मिळत नाही, तेवढं बदला." सरासरी जेमतेम तीनवर गेली. पण सिस्टर अठराव्या गोष्टीला लागली होती, ताऱ्यांकडे पाहायला तिला सवड नव्हती. काका आता एका सुट्टीत एकच गोष्ट वाचतात, पुरी वाचतात.

वाचकहो, तारे जरूर द्या. पण तेवढ्यावर हात झटकू नका. आवडलं तर काय आवडलं ते सांगा, नाही आवडलं तर कुठे वाचणं सोडलंत ते सांगा. गोड बोलायलाच हवं असं नाही, मनापासून बोला. दोन ओळी पुरेत. त्या दोन ओळी वाचून कुणीतरी पुन्हा लिहायला बसतं!