स्मिताचा डावा गाल

निशिकांत सबनीस निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी विधुरही. तीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत पाइप आणि व्हॉल्व्ह सांभाळलेला हा माणूस तांजोंग पगार भागात मिसेस हान यांच्या चित्रवर्गात जाऊन बसला. कारण एवढंच, की शनिवारी फ्लॅटमध्ये बोलायला भिंतींशिवाय कुणी नसायचं.

मिसेस हान जुन्या कोरियन पद्धतीची व्यक्तिचित्रं शिकवत. काळी टोपी घातलेले, हात बाह्यांत लपवून बसलेले विद्वान अधिकारी. चित्र रेशमी कापडावर काढायचं आणि रंग कापडाच्या मागच्या बाजूने भरायचा, म्हणजे कातडी जिवंत दिसते. नियम एकच, पण भलता कडक: एक केस चुकला तरी तो माणूस वेगळा. देवीचे व्रण, चामखीळ, सगळं जसंच्या तसं. एका अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर तर कोडाचे पांढरे डाग होते आणि ते गृहस्थ खुशाल समोर बघत बसले होते.

निशिकांत त्या चित्रापाशीच थांबला. त्याच्या बायकोच्या, स्मिताच्या गालावरही कोड होतं.

"मला माझ्या बायकोचं चित्र काढायचंय," तो म्हणाला.

पदर, केस, टिकली झोकात जमली. गालाशी आला आणि घोडं अडलं. घरातले सगळे फोटो त्याने धुंडाळले, पण एकातही डाग नव्हता. असणार कसा? "जरा मेकअप लावून घे गं, लोक बघतात," हे यानेच तर सांगितलेलं. ती बिचारी रोज त्याच्याआधी उठून लावत आली, अगदी पासपोर्टच्या फोटोतही. डाग डावीकडे होता एवढं त्याला आठवत होतं. केवढा, कुठवर, ते काही केल्या आठवेना.

शेवटी त्याने मेलबर्नला मुलीला, निहारिकाला फोन लावला.

"आईचा डाग कुठपर्यंत होता गं?"

"कधीचा, बाबा? तो वाढत होता. शेवटच्या वर्षी मानेपर्यंत आलेला."

"मला कसं नाही कळलं?"

"माझ्याकडे एक फोटो आहे, हॉस्पिटलमधला. तुम्ही घरी गेलात की ती मेकअप पुसायची. पण म्हणालेली, बाबांना दाखवू नकोस, त्यांना आवडायचं नाही."

पाठव, हा शब्द निशिकांतच्या ओठांवर आला होता. तो एक फोटो, की चित्र पुरं. बापाने हट्ट धरला असता तर पोरीने पाठवलाही असता, आणि जन्मभर स्वतःचंच खरं करत आलेल्या माणसाला हट्ट धरणं काही जड नव्हतं. पण स्मिताने एवढ्या वर्षांत मागितलं होतं ते एवढंच. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"मग राहू दे. नको पाठवूस."

पुढच्या शनिवारी मिसेस हाननी चित्र नीट निरखलं. पदराची चुणीन् चुणी उतरली होती. डावा गाल मात्र कोराच होता.

"इथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं नाही," निशिकांत म्हणाला.