तीनाने भागायचं राहिलं

ज्या माणसाने चौतीस वर्षं जगाचे तराजू तपासले, त्याच्या हातून मापाची चूक होत नाही. हा निसर्गनियमच आहे, असं तोळामासांचं मत होतं. ते मत बाळगून या क्षणी ते जनावरांच्या दवाखान्यातल्या फरशीवर उकिडवे बसले होते आणि ठकीचं तोंड काखेत दाबून धरत होते. डॉक्टरीण ठकीच्या पुढच्या पायातून रक्त काढत होती.

तोळामासा हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना किलोमागे दोन ग्रॅम कमी भरले तरी ते वजन जप्त करत. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पीत. त्यामुळे त्यांना मित्र असा कोणी नव्हता, आणि निवृत्तीच्या समारंभाला आलेले लोक मनापासून आनंदात होते.

ठकी ही लांब कानांची कुत्री बायकोची. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली आणि वाटणीत ठकी तोळामासांकडे आली. तसं वाटणीला दुसरं कोणी नव्हतंच.

"काका, ही शेवटची खेप हं," डॉक्टरीण म्हणाली. "पुढच्या वेळी माजावर येईल तेव्हा आठची होईल. मग मी हो म्हणणार नाही."

"शेवटचीच. मला एकच पिल्लू हवंय."

"एकच कसं? ती काय टोकन घेऊन देणार आहे?"

"वरची देऊन टाकीन."

गेल्या वर्षी अंदाजाने दोनदा नराकडे नेऊन हात हलवत परत यावं लागलं होतं. म्हणून या वेळी शास्त्र. दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायचं. आकडा पाचवर आला की बीज सुटलं. ते पिकायला दोन दिवस द्यायचे आणि मग न्यायचं. जगातल्या तमाम कुत्र्यांनी आजवर हे काम प्रयोगशाळेविना उरकलं होतं, पण त्यांना निरीक्षकाची देखरेख लाभली नव्हती.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एवढा आटापिटा कशाला? एखादं पिल्लू विकत आणा ना."

"ते विकतचं होईल," तोळामासा म्हणाले. मग त्यांनी जावयाची चौकशी केली.

शनिवारी सकाळी दहा वाजता आकडा आला एक पूर्णांक चार. सोमवारी दवाखान्याचं मशीन बंद पडलं आणि डॉक्टरीण तीन दिवस परगावी गेलेली. कंपाउंडरने रक्त काढून शेजारच्या गल्लीतल्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. सहा पूर्णांक आठ.

"मॅडम आल्या की दाखवा," कंपाउंडर म्हणाला.

"दाखवायचं काय त्यात? पाच ओलांडलं."

घरी येऊन त्यांनी आलेखाचा कागद काढला, दोन ठिपके दिले, पट्टी धरून रेघ मारली. रेघेने पाचची पातळी रविवारी संध्याकाळी सहाला ओलांडली होती. म्हणजे मंगळवार, संध्याकाळी सहा.

सरदार हा ठकीच्याच जातीचा कुत्रा लाँड्रीच्या मागच्या अंगणात राहायचा. मंगळवारी सहाच्या ठोक्याला तोळामासा ठकीला घेऊन तिथे हजर झाले. वाळत घातलेल्या चादरींमधून लाँड्रीवाली बाई पुढे आली.

"सहा म्हणजे खरंच सहा? आमची गिऱ्हाइकं उद्या येतो म्हणतात आणि महिन्याने उगवतात."

सरदार आला, त्याने ठकीला हुंगलं, शेपूट हलवली. ठकी खाली बसली. बँकेत नंबर लागेपर्यंत माणसं बसतात तशी, घट्ट. अर्ध्या तासाने सरदारने पुन्हा प्रयत्न केला, तर ती त्याच्या कानावर खेकसली.

"अहो, ती नाही म्हणतेय," बाई म्हणाली.

"आकडा बरोबर आहे."

"मग आकड्यालाच न्या की सरदारकडे."

बुधवारी तेच. ठकी बसली, सरदार कंटाळून चादरीखाली झोपला.

"उद्यापासून आम्ही नाही हं," बाई म्हणाली. "भाच्याचं लग्न आहे. सरदारला घेऊनच जाणार, इथे त्याला सांभाळणार कोण? सोमवारी रात्री येऊ."

तोळामासांनी मान हलवली. आकड्यानुसार नाहीतरी मुदत संपत आली होती.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरीण परतली. तिने रिपोर्ट पाहिला, मग आलेख पाहिला, मग पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"काका, हे नॅनोमोल आहे."

"म्हणजे?"

"आपलं मशीन नॅनोग्रॅममध्ये देतं. यांचा आकडा तीनाने भागायचा. म्हणजे सोमवारी जेमतेम दोनच होतं. बीज काल सुटलं असेल." ती एकदम खूश झाली. "म्हणजे काहीच बिघडलं नाही! उद्या, परवा, तेरवा. अगदी नामी वेळ."

तोळामासांनी चष्मा पुसून रिपोर्ट जवळ धरला. आकड्याच्या शेजारी, आकड्याएवढ्याच टायपात, एकक छापलेलं होतं. एकक बारीक टायपात छापलं म्हणून त्यांनी आयुष्यात दोनशेहून जास्त नोटिसा काढल्या होत्या. इथे तीही सोय नव्हती.

"मीच सांगून जायला हवं होतं," डॉक्टरीण म्हणाली.

"नाही. छापलेलं आहे."

लाँड्रीचं शटर खाली होतं. फोनवर मागे कोणीतरी कोणाला तरी जेवायचा आग्रह करत होतं. "अहो, मी सात तासांवर आहे हो," बाई ओरडून म्हणाली. "सोमवारपर्यंत थोपवा तिला!"

शुक्रवार, शनिवार, रविवार ठकी दाराशी उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. तोळामासा तिच्याकडे पाहत होते. डॉक्टरणीने फोन करकरून पाहिले. ठकीच्या जातीचा दुसरा नर आवाक्यात नव्हता.

मंगळवारी सकाळी ते पुन्हा लाँड्रीत गेले. ठकी या वेळी शहाण्यासारखी उभी राहिली. पुढे चोवीस मिनिटं दोघं पाठीला पाठ लावून उभी होती. वेळ तोळामासांनी घड्याळ लावून मोजली.

"बघा!" बाई म्हणाली. "उगाच गरिबाचं रक्त काढत होता."

"उशीर झालाय. बीज टिकत नाही."

"डॉक्टर म्हणायचेच. तुम्ही आता तिला दूध वाढवा."

त्यांनी वाढवलं. मोजून.

महिन्याने सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण पोटावरून यंत्र फिरवत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

"किती?" तोळामासांनी विचारलं.

"काका, नाहीये."

"एक?"

"एकही नाही. गॅस आहे थोडा."

त्यांनी ठकीच्या पोटावरची जेली स्वतःच्या रुमालाने पुसली आणि डॉक्टरणीला म्हणाले, "तुम्ही फार कष्ट घेतलेत."

आणखी महिनाभराने ठकीच्या आचळांत दूध आलं. तिने कपाटाखालून बायकोची एक सपात ओढून काढली. बायकोचं सगळं सामान देऊन झालंय, अशी तोळामासांची समजूत होती. सपात पोटाशी घेऊन ठकी कोपऱ्यात पडून राहिली. ती चाटायची आणि जवळ कोणी आलं की गुरगुरायची. तोळामासा पाण्याचं भांडं हाताच्या अंतरावर ठेवून मागे सरायचे. दुसरी सपात त्यांनी शोधून पाहिली. सापडली नाही.

"खोटं गरोदरपण म्हणतात याला," डॉक्टरीण म्हणाली. "काही करू नका. तीन आठवड्यांत उतरतं."

सतरा दिवसांत उतरलं.