माझ्याखाली बसू नकोस, लक्ष्मी

मी बहरीनमधल्या नईम भागातल्या कोपऱ्यावरची कात्री बोलतेय. कापड कापायची नव्हे, दिव्याची, निऑनच्या पाटीवरची. काचेच्या नळ्या, लोखंडी चौकट आणि पाठीशी पत्र्याचं खोकं मिळून माझं वजन पंचेचाळीस किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या रंगाचं कौतुक सगळे करतात, वजन कोणी विचारत नाही.

माझा जन्म एकोणनव्वद सालचा, सलमाबादच्या एका शेडमधला. एका फिलिपिनो कारागिराने ज्योतीवर काच मऊ केली, तोंडाने फुंकत फुंकत ती वळवली, आत वायू भरला आणि वीज जोडली. मी लालभडक पेटले. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, "यल्ला, खलास", म्हणजे चला, संपलं, असं म्हणाला आणि हात पुसून जेवायला गेला. आमच्या घराण्यात बारसं असंच होतं.

मला बनवून घेतलं होतं दत्तप्रसाद मास्तरांनी. मूळचे कुडाळचे. बाब अल बहरीनच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात दहा वर्षं शर्ट-पँट शिवले, मग नईममध्ये स्वतःचं शिंप्याचं दुकान थाटलं. पाटी साधी लावली असती तरी चाललं असतं, पण मास्तरांना हौस दांडगी. त्यांना उघडझाप करणारी कात्री हवी होती, शेजारी निळ्या दोऱ्याचं वेटोळं, वर अरबीत नाव आणि खाली इंग्रजीत. भिंतीत चार बोल्ट ठोकून त्यांनी मला फुटपाथच्या वर आडवी टांगली, म्हणजे दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला मी दिसावी. आणि दिसत होतेच की. सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की मास्तर बटण दाबायचे आणि मी भर रस्त्यात कचाकच चालू व्हायचे.

हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी मास्तरांची बायको लक्ष्मी गावाहून आली. विमानतळावरून थेट दुकानात. मला बघितलं आणि दारातच थांबली.

"अवो, ह्या काय? रिकामी कात्री चलवची नसता. भांडणां होतत घरात."

"गो, ती काचेची कात्री. तिका काय धार आसा?"

"धार नसली म्हणान काय झाला? पयली बंद करा ती."

नव्या नवरीसारखी आलेली बायको, मास्तर काय बोलणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी मिटायची तार सोडवून टाकली. तेव्हापासून मी उघडीच. पस्तीस वर्षं आ वासून उभी राहिले. तिचा राग आला नाही असं म्हणणार नाही; चांगला वर्षभर राग होता. पण ती संध्याकाळी दुकानात यायची, काजं करायची, बटणं लावायची, आणि ज्या कामगाराचा एकच शर्ट आहे त्याचा शर्ट त्याला दोन मिनिटं उभं करून तिथल्या तिथे टाचून द्यायची. अशा बाईवर किती दिवस रागवायचं?

दिवस बरे गेले. माणसं मला बघून पत्ता सांगायची. टॅक्सीवाले "कैंची के पास" एवढंच ऐकून गाडी वळवायचे. आजूबाजूच्या निऑनच्या पाट्या एकेक करून उतरल्या, त्यांच्या जागी प्लास्टिकच्या आल्या. मी राहिले.

मी राहिले ती मास्तरांच्या रंगामुळे. दर डिसेंबरात, इथल्या नॅशनल डेच्या आधी, सगळा रस्ता लाल-पांढरा होतो. मास्तरही शिडी मागवायचे आणि मला नखशिखान्त रंग द्यायचे. चौकटीला, खोक्याला, बोल्टच्या डोक्यांनासुद्धा. आधी घासायचं कोण? समुद्राची खारी हवा आत शिरलेली असायची, तिच्यावरच नवा थर. बाहेरून मी नवरीसारखी आणि आतून पोखरलेली. जून महिन्यात शमाल वारा सुटायचा, तेव्हा मला ते कळायचं. तीन वर्षांपूर्वी भिंतीकडचा वरचा बोल्ट तुटला. आवाज झाला, पण समोरच्या एसीची घरघर त्याहून मोठी होती. गेल्या वर्षी दुसरा गेला. उरलेल्या दोघांवर मी लटकत होते आणि वरून मस्त लाल दिसत होते.

आणि नेमकी त्याच वर्षी मी प्रसिद्ध झाले. कर्म माझं.

सबा नावाची एक मुलगी आली. इथलीच, सनाबिसला राहणारी, जुन्या इमारतींचा अभ्यास करणारी. तिने माझा व्हिडिओ काढला, तो लाखभर लोकांनी बघितला, आणि मग माझ्यासमोर फोटो काढायला रांग लागू लागली. सबा मास्तरांना हिंदीत म्हणाली, "मास्टर, इसको हाथ मत लगाना. जैसा है, वैसा ही रहने दो."

मास्तर फुलून गेले. कोणी आपल्या पाटीला जपा म्हणतंय, याहून मोठा मान काय? गिऱ्हाइकंही वाढली. लोकांना बसून फोटो काढता यावा म्हणून त्यांनी एक लाकडी बाकडं आणलं आणि बरोबर माझ्या खाली ठेवलं. लोक फोटो काढून निघून जायचे. पण लक्ष्मीला ते बाकडं फार आवडलं. आत एसीने तिचे गुडघे धरायचे. ती मगरिबनंतर सुई-दोरा घेऊन बाहेर यायची आणि दुकान बंद होईपर्यंत तिथेच बसायची. रोज.

काय सांगू तुम्हाला त्या संध्याकाळी कशा गेल्या? मला बोलता येत नाही, हलता येत नाही. आणि हलले तर संपलंच. खाली तिचं डोकं, वर मी. ती गुणगुणत हेम घालायची आणि मी एकेक मिनिट मोजायचे. ऊठ गं बाई, आत जा, गुडघे दुखले तर दुखू देत. कधी ती पाणी प्यायला आत जायची तेवढाच माझा जीव भांड्यात पडायचा. ती परत यायची की पुन्हा तेच. लोक म्हणायचे, किती सुंदर आहे ही. मला वाटायचं, अरे सुंदर कसली, उतरवा मला कोणीतरी.

या जूनमध्ये शमालने तीन दिवस धुडगूस घातला. मी भिंतीपासून दोन बोटं झुकले. झुकल्यामुळे ती जुनी सोडवलेली तार आपल्या जागेजवळ आली, आणि वाऱ्याने ती कधी टेकायची, कधी सुटायची. कात्री पुन्हा उघडझाप करायला लागली. हे मी मुद्दाम केलं असं सांगायला मला फार आवडेल, पण खोटं कशाला बोलू? ती माझी हुशारी नव्हती, मोडकळीला आल्याचं लक्षण होतं.

लोकांना मात्र मौज वाटली. सबा धावत आली, पुन्हा व्हिडिओ निघाला, गर्दी दुप्पट झाली. मास्तर तर पेढे वाटायचेच बाकी होते.

एकटी लक्ष्मी तोंड पाडून बसली. "पस्तीस वर्सां गप होती, आताच कशी चलाक लागली? बंद करून घेवा."

"लोका तिकाच बघूक येतत गो. रवांदे."

"माका नको ता. रिकामी कात्री चलता, बरा नाय."

"तुझा आपला कायतरीच."

तीन दिवस हे चाललं. शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. म्हणजे तिचं म्हणणं खरंच झालं म्हणायचं, भांडण झालंच की. मास्तर रागाने अस्तराचं कापड आणायला बाबच्या बाजारात गेले, आणि ते वळणावर दिसेनासे होताच लक्ष्मीने पांडुरंगला फोन लावला.

पांडुरंग देवगडचा, इलेक्ट्रिशियन, आमच्या लोकांत कोणाचाही पंखा बंद पडला की त्यालाच हाक. तो शिडी घेऊन आला. "वयनी, तार सोडवायची एवढाच ना? पाच मिन्टां." लक्ष्मी बाकड्यावर बसून एका शर्टाला बटण लावत होती. तिने मान हलवली, उठली नाही. पांडुरंगने आत जाऊन वीज बंद केली, शिडी चढला आणि आधाराला माझ्या चौकटीवर हात ठेवला.

मी हलले.

त्याचा हात तिथेच थांबला. आवाज बदलला, पण चढला नाही. "वयनी, उठा थयसून."

"इतक्या बटण होऊ दे रे."

"बटण रवांदे. आत्ताच्या आत्ता उठा. आणि त्या पोरांका सांगा लांब जाऊक."

त्याच्या स्वरात काय होतं कोण जाणे, लक्ष्मी शर्ट छातीशी धरून उठली. फोटोवाली पोरं मागे सरली. पांडुरंगने बाकडं ओढून रस्त्याकडेला नेलं, दोर आणला, माझ्या चौकटीला तीन वेढे घातले आणि दुसरं टोक गच्चीच्या कठड्याला बांधलं. तेवढ्यात मास्तर परतले, मागून सबा. दोघंही एकदमच बोलायला लागले. कोणी सांगितलं, का चढलास, हात मत लगाओ भाई.

पांडुरंग पुन्हा शिडी चढला. त्याने भिंतीकडच्या तुटक्या बोल्टवरचा रंग नखाने खरवडला, बोल्ट दोन बोटांनी ओढून बाहेर काढला आणि खाली येऊन मास्तरांच्या तळहातावर ठेवला. तळहातावरच त्याचे दोन तुकडे झाले. मास्तरांनी ते गंजलेले तुकडे बोटाने दाबले, त्यांचा भुगा झाला. मग त्यांनी बाकड्याकडे बघितलं.

"मीच थय बसवलंय तिका," ते म्हणाले. "रोज."

सबाने फोन पिशवीत टाकला आणि दोर धरायला पुढे झाली. "यल्ला, मास्टर, पहले नीचे लाते हैं."

मला सोडवायचं कामच पडलं नाही. पांडुरंगने तिसऱ्या बोल्टला पाना लावला मात्र, चौथ्याने आपणहून हात टेकले. मी सुटले. दोराने मला हिसका देऊन धरलं, निळ्या दोऱ्याची नळी फुटली आणि काच फुटपाथवर पडली. आधी बाकडं असायचं नेमकं त्याच जागी. तिथे कोणी नव्हतं. त्या क्षणी मोडण्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं आणि इतकं हलकं मला सलमाबादच्या शेडमध्येसुद्धा वाटलं नव्हतं.

रात्री घरी मास्तर लक्ष्मीशी काय बोलले, ते मला ठाऊक नाही. दुकानात मात्र त्यांनी तिला स्वतः चहा आणून दिला, आणि पस्तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं.

आता बाहेर प्लास्टिकची हलकी पाटी लागली आहे. खुशाल लागू दे. मी आत आहे, जमिनीवर, भिंतीला टेकून, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर. सबा म्हणते, निळी नळी वळवणारा कोणीतरी शोधू, इंशाल्ला पुन्हा लावू. मला घाई नाही. तुम्हाला जुन्या पाट्या आवडत असतील तर माझं एक ऐका. खालून फोटो काढण्याआधी कोणालातरी शिडीवर चढवा आणि मागची बाजू बघा. आमच्यावर माया करायचीच तर तिथून सुरू करा.

लक्ष्मी आता समोरच्या स्टुलावर बसते. इतकी वर्षं मला वरून तिचा भांग आणि हात एवढंच दिसायचं. भांग पांढरा झालेला मला माहीत होता, पण हेम घालताना ती जिभेचं टोक बाहेर काढते हे मला ठाऊक नव्हतं. काल काम संपल्यावर तिने गळ्यातली मोजपट्टी काढून माझ्या मुठीला अडकवली. मग जरा थांबली, एक बोट लावून मला हळूच ढकलून बघितलं. मी हलले नाही.