साव्वाची बाटली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण द्राक्ष सोसायटीच्या पाटीवरच 'राधाकिशन, चेअरमन' असं ठळक लिहिलंय, मग मीच कशाला लाजू? सोसायटीचा सामाईक मळा आमच्या गावालगत, चौसाळ्याच्या रस्त्याला. पावसानं सलग दगा दिला, विहिरी आटल्या आणि गाव टँकरवर आलं. त्यातलं निम्मं पाणी मळ्याला द्यावं, असा ठराव ह्यांनी सभेपुढं आणला.

ठराव पास होणार याची त्यांना खात्री होती. निवडणुकीत आपली मतं वाढावीत म्हणून त्यांनीच घरोघरच्या बायकांना सभासद करून ठेवलं होतं. आमचे अंगठे आजवर घरी बसूनच उठायचे. पण सभा पाण्याची म्हटल्यावर बाया रिकामे हंडे सोसायटीच्या ओट्यावर ठेवून आत येऊन बसल्या. मीही बसले.

ह्यांनी टेबलावर बाटली ठेवली. अभ्यास दौऱ्यावर गेले तेव्हा फ्रान्समधल्या साव्वा नावाच्या डोंगरी मुलखातून आणलेली पांढरी वाइन. कपाटात देवासारखी जपली होती. आपल्या मळ्यातून असं काही निघू शकतं हे कळावं म्हणून फुलपात्रांतून पुरुषांना घोटघोट वाटली.

"राधाकिशन, ही गोड कावून न्हाई बे?" त्यांचा जुना सोबती त्रिंबक तोंड वाकडं करून म्हणाला.

"गोड नसतीच ती. तिथं डोंगरावर बर्फ पडतं, जमीन ओल धरती. वेलीला कुणी वरून पाणी घालत न्हाई, बघ."

बोलता बोलता ह्यांचा चेहरा असा खुलला होता की मला भरून आलं. तेवढ्यात मागून छबुबाई उठली.

"भाऊ, तिथं पाणी घालत न्हाईत, मग इथं आमच्या लेकरांच्या तोंडचं कावून घालायचं?"

ह्यांनी बाटलीला बूच लावलं. "मळा एकदा वाळला की गेला," एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. त्या वेली तारेवर मीही माझ्या हातानं बांधल्या होत्या.

ठराव नको असेल त्यांनी हात वर करा, असं सचिवानं सांगितलं. बायांचे हात वर गेले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली आणि हात वर केला.

ठराव पडला. संध्याकाळी हे जेवले नाहीत. प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तर तो तसाच घेऊन मळ्याकडं निघाले. माझा जीव तुटला. मीही माझ्या वाटणीचं पाणी घेऊन मागं गेले. ते पहिल्या वेलीच्या बुडाशी बसून धार सोडत होते. मी माझा तांब्या पुढं केला.

"तुझं नको," ते मान वर न करता म्हणाले.

मी तिथंच उभी राहिले. घसा कोरडा पडला होता. ते पाणी मी पिऊन टाकलं.