हरल्यावर येणारा खोकला

आमच्या गावच्या कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या, स्पर्धेत आठ संघ, बत्तीस खेळाडू आणि स्वयंपाकघरात पेरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, सहा तबकं. नव्या विषाणूचे नोंदवलेले आजारी गुरुवारी दोन, शुक्रवारी एकूण अकरा.

"एका दिवसात दोनाचे अकरा!" फोनवर आरोग्य अधिकारी डॉ. बुशार म्हणाल्या. "एक आजारी सरासरी एकापेक्षा जास्त जणांना लागण देत असेल, तर रविवारचा अंतिम सामना बंद. संध्याकाळपर्यंत आकडा दे."

आकडा काढणं हेच माझं काम. नऊ नवी नावं वाचली आणि हसूच आलं. सगळे गुरुवारी हरलेल्या संघांतले! खेळात असेपर्यंत आमच्याकडे कुणी शिंकसुद्धा कबूल करत नाही. सोबत्यांना तोंडघशी कोण पाडणार? हरले, की सगळे एकदम दवाखान्यात.

म्हणजे नोंदीचा दिवस बिनकामाचा. मी प्रत्येकाला विचारलं, "घसा पहिल्यांदा कधी खवखवला?" वार कुणाला आठवेना, सामने मात्र पाठ.

"माझा शेवटचा दगड भरकटला ना, त्याच्या आदल्या रात्री," एकजण म्हणाला.

"घशामुळे भरकटला होय?" त्याची बायको म्हणाली. "मग दरवर्षी कशामुळे भरकटतो?"

हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला साधारण चार दिवस घेतो. पहिल्या चार दिवसांत सहाजणांचा घसा धरला होता, पुढच्या चारांत पाचजणांचा. पाच भागिले सहा, एकाच्या खाली. पण अंतिम फेरीतल्या आठांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

त्यांत नेटी ह्रित्साक. वय एकाहत्तर, आयुष्यातला पहिला अंतिम सामना.

"नेटीबाई, खरं सांगा."

"सांगितलं तर मी बाहेर, की सामनाच बंद, पोरी?"

"तुम्ही बाहेर. आणखी कुणी निघालं, तर सामनाही."

घसरत्या दगडापुढचा बर्फ झाडायचा हातातला झाडू तिने भिंतीला टेकवला. "मंगळवारपासून," म्हणाली, आणि चार दिवस साठवलेलं सगळं खोकून घेतलं. मग लांबूनच बाकीच्यांवर ओरडली, "ए, आता कुणी लपवलंत तर गाठ माझ्याशी!"

बाकीच्या सातही जणांनी निमूट चाचणी दिली. कुणालाच लागण नव्हती. नेटी धरून पाचाचे सहा झाले; सहाला सहा, बरोबर एक.

"एकापेक्षा जास्त नाही ना? मग खेळा," डॉ. बुशार म्हणाल्या. "पण हस्तांदोलन नाही, आणि सामन्यानंतर एका टेबलाला बसायचं नाही."

रविवारी नेटीच्या संघाचे तिघंच बर्फावर उतरले. कडेला फोन ठेवला होता. घरून नेटी इतक्या जोरात "झाडा! झाडा!" ओरडली, की समोरचा संघही झाडायला लागला. तिचा संघ एका गुणाने जिंकला.

पुढच्या चार दिवसांत नवे आजारी तीन. सहाला तीन, म्हणजे शून्य पूर्णांक पाच.